उमसुनाय आपाची जागा

गावाचं नाव मी सांगणार नाही. एकदा सांगून बसले होते, तेवढं पुरे झालं. बिश्केकपासून मिनीबसने साडेचार तास, घाट चढून पलीकडे, एवढंच समजा.

मी जिपार. बिश्केकमध्ये बाजारापाशी माझं फोटोचं दुकान आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, गेलेल्या माणसांचे जुने फोटो मोठे करून देणं, हे माझं काम. म्हणून एकमताने ठरलं, की आमच्या ख्रिस्ती मंडळीचं पेज जिपारने सांभाळायचं. एकमत कसलं, दुसऱ्या कुणाला ती कटकट नको होती. आमची मंडळी चाळीस-पंचेचाळीस माणसांची. शहराच्या कडेला दोलोत बाइकेंचं घर आहे, तिथे दोन खोल्यांमधली भिंत पाडून आम्ही रविवारी जमतो. दोलोत बाइके आमचे पाळक; बाइके म्हणजे थोरला भाऊ, मानाने म्हणतात. आधी ट्रॉलीबस चालवायचे. माणूस सरळ, इतका सरळ की वळणावर याचं काय होत असेल अशी काळजी वाटावी.

आमचं पेज म्हणजे मावळता सूर्य, त्यावर एक वचन आणि कोपऱ्यात गुलाबाचं फूल. सहा-सात लाइक यायचे, त्यातले दोन माझेच, दोन फोनवरून दिलेले. मग एका वसंतात अल्मातीहून एक बाई शिकवायला आल्या. मंडळ्यांनी इंटरनेटवर कसं बोलावं, याचा दोन दिवसांचा वर्ग. बाई चांगल्या होत्या, त्यांच्यावर माझा राग नाही. म्हणाल्या, पत्ता, उपासनेच्या वेळा, फोन नंबर सगळ्यात वर ठेवा, नवीन माणूस चुकीच्या दारावरून परत जाता कामा नये. फुलं टाकू नका, माणसं टाका. चेहरा टाका, नाव टाका, त्याची हकीगत टाका. आणि टाकण्याआधी त्या माणसाला नीट समजावून विचारा. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. बाकीचं दोन-दोनदा वाचलं, शेवटचं नुसतं उतरवलं.

उमसुनाय आपा आमच्याकडे आली ती साखरेमुळे. रक्तातल्या. दर महिन्याला गावाहून डॉक्टरकडे यायची, तिथे शेजारी बसलेली बाई आमच्या मंडळीतली निघाली, तिने आणलं. सत्तरीला टेकलेली, म्हणून सगळे तिला आपा, म्हणजे आई म्हणायचे; गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. पहिल्याच दिवशी दोलोत बाइकेंचं तासाभराचं प्रवचन ऐकून म्हणाली, "चांगलं सांगतोस रे. पण थोडक्यात सांगत जा. आमचा मुल्ला दहा मिनिटांत आटपतो." सगळे हसले, बाइकेसुद्धा. पुढच्या रविवारपासून प्रवचन पंधरा मिनिटांनी कमी झालं. तिचे हे उपकार आम्ही कधी फेडू शकणार नाही.

येताना स्वतः वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या आणायची, दगडासारख्या टणक. मिनीबसला वेळ असला की माझ्या दुकानात बसायची आणि मला छळायची. "एवढे पुरुष तुझ्यासमोर सरळ बसून फोटो काढून घेतात, त्यातला एकही तुला पसंत पडला नाही का ग?"

"सगळे लग्नाचेच फोटो काढायला येतात, आपा. बायको बरोबर असते."

"मग पासपोर्टवाल्यांकडे बघत जा," म्हणायची. माझी स्वतःची आई मी दहावीत असताना गेली. म्हणून ही बाई आली की मला बरं वाटायचं, उगीच लपवू कशाला.

दीड वर्षाने ती म्हणाली, मला बाप्तिस्मा द्या. जूनमध्ये बाइकेंच्या अंगणात मुलांच्या पोहण्याची निळी रबरी टाकी भरली. पाण्यात पाय घालण्याआधी तिने सगळ्यांसमोर बाइकेंना बजावलं, "बुडवायचं तिथे बुडव. पण पुरायचं मला गावात. म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला माझी जागा आहे. मरायच्या आधी त्याने स्वतः मोजून ठेवलीय. बावीस वर्षं एकटा पडलाय तिथे, त्याला बोलायला कुणी नाही."

बाइके म्हणाले, "देव काही मातीवरून माणूस ओळखत नाही, आपा."

"देव नसेल ओळखत. माझा म्हातारा ओळखतो."

गावात या कशाचीही कुणाला गंधवार्ता नव्हती. आमच्यात धाकटा मुलगा आईबापाच्या घरात राहतो. तिचा धाकटा कुबात, त्याला संशय असावा. पण त्याने कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही.

पाण्यातून वर आली तेव्हा डोक्याचा रुमाल कपाळाला चिकटलेला आणि सोन्याचे दात दिसेपर्यंत ती हसत होती. मी खटकन् फोटो घेतला. वीस वर्षांत असा फोटो माझ्या हातून निघाला नव्हता. विचारलं, "आपा, पेजवर टाकू का?"

"कशावर?"

"मंडळीच्या पेजवर. सगळे बघतात."

"बघू देत की. ओल्या मांजरीसारखी दिसत असेन."

तिच्याकडे बटणांचा फोन होता. सगळे म्हणजे तिच्या लेखी अंगणात उभी असलेली चाळीस माणसं. मला हे कळत नव्हतं का? कळत होतं. पण मला तो फोटो टाकायचा होता.

आणि मग मी ती चूक केली, जी आमच्यातलाच माणूस करील. एखादी रशियन बाई असती तर 'भगिनी उमसुनाय, वय एकोणसत्तर' लिहून मोकळी झाली असती. आमच्यात माणसाची ओळख अशी करून देत नाहीत. नुसतं नाव सांगितलं तर समोरचा लगेच विचारतो, कुणाची? कुठली? नुसतं नाव टाकणं म्हणजे तिचा अपमान, असं मला वाटलं. म्हणून मी रीतसर, मानाने लिहिलं. अमुक गावची, अमुक कुळाची, अमक्याची थोरली सून, गावच्या शाळेत तीस वर्षं स्वयंपाक केलेली, कुबातची आई. खाली तिची साक्ष, तिच्याच शब्दांत. एखाद्या परक्यालाही न चुकता तिच्या दारापर्यंत जाता आलं असतं.

पहिल्या दिवशी तीनशे लाइक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊ हजार लोकांनी पाहिलं. मी गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून फोन बघत बसले होते. बाइकेंना फोन करून म्हटलं, "बघितलंत? याला म्हणतात काम!" तिसऱ्या दिवशी दुपारी खाली एक कॉमेंट आली. 'ही तर आमच्या गल्लीतली.' बस, एवढीच. शिवी नाही की धमकी नाही. मी पोस्ट काढून टाकली. पण गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. हरवलेल्या मेंढ्या, वीज कधी येणार, कोण वारलं, सगळं त्यात येतं. तिथे स्क्रीनशॉट सकाळीच येऊन पडला होता.

गावाने तिला मारलं नाही, हाकलून दिलं नाही. फक्त बोलावणं बंद केलं. शेजारणीचा नातू पाळण्यात घातला, हिला निरोप नाही. हिने घरी बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळून ताट पाठवलं, तर वरचं फडकंसुद्धा न काढता ताट परत आलं.

नोव्हेंबरमध्ये ती दुकानात आली. वाळली होती. तिला बघून मला रडू फुटलं. म्हणाली, "रडू नकोस, कॅमेरा भिजेल." मग खुर्चीत टेकली. "ताटाचं काही नाही ग. पण झामिर आहे ना, ग्रुप चालवतो तो, तो म्हणाला की हिला आपल्या कबरस्तानात घ्यायचं नाही. शाळेत त्याला मी दुसऱ्यांदा वाढायचे, बारीक होता म्हणून. माझी जागा गेली तर काय करायचं, पोरी?"

"नाही जाणार. मी बघते."

काय बघणार होते मी? माझ्या हातात काय होतं? आपलं तोंडातून निघून गेलं. पण तिला ते पटलं. "बघ हं," म्हणाली आणि रुमाल बांधून उठली. त्यानंतर ती मला भेटली नाही.

जानेवारीत एका मंगळवारी सकाळी कुबातचा फोन आला. "जिपार एजे," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं म्हणाला, "आई गेली." मी काही बोलायच्या आत म्हणाला, "शामशी आजोबांना तुमच्याशी बोलायचंय."

शामशी गावातले सगळ्यात वडीलधारे, आपाच्या म्हाताऱ्याचे जिवलग. आवाज थकलेला होता. "पोरी, मला तिला पुरायचंय. त्याने जागा मोजली तेव्हा दोरी मी धरली होती. पण झामिर आणि दहा-बारा जण अडून बसलेत. एकही माणूस फावडं उचलू देत नाहीत. फोन नाचवतात माझ्यासमोर. तुम्ही जिथे ते लिहिलंत ना, तिथेच लिहा की ते खोटं होतं. मग त्यांची तोंडं मी बंद करतो. गुरुवारी दुपारपर्यंत वेळ आहे."

मी दुकान बंद करून थेट बाइकेंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "नाही, जिपार," म्हणाले. "सून म्हणून जगली, आई म्हणून जगली. आयुष्यात एकदाच तिने चाळीस माणसांसमोर स्वतःच्या मनाचं सांगितलं. आणि ती मेल्यावर आपण म्हणायचं, की ती तसं बोललीच नाही?"

"जागेचंही तिने त्याच चाळीस माणसांसमोर सांगितलं होतं."

"जागा मी शहरात शोधून देतो."

"जागा द्याल हो. तिचा म्हातारा कुठून आणाल?"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "माझ्याच्याने होणार नाही. आणि तूही करू नकोस." मी उठले. पेजचा पासवर्ड आम्हा दोघांकडे होता.

गुरुवारी पहाटेच्या मिनीबसने निघाले. मंडळीत कुणाला सांगितलं नाही. दहाच्या सुमाराला पोचले तर अंगणात नमद्याचा, जाड लोकरीचा तंबू उभा होता, आत आपा पडद्याआड झोपवलेली. दाराशी कुबात आणि त्याचे दोन चुलत भाऊ काठ्यांवर वाकून, आमच्यात रडतात तसे मोठ्याने रडत होते. आलेली माणसं मोजकी. एरवी तीस वर्षं शाळेत जेवण वाढलेल्या बाईच्या मयताला अंगण पुरलं नसतं.

शामशींनी मला बाकावर बसवलं. झामिर समोर उभा राहिला. पस्तिशीचा, नीटनेटका, आवाज खाली ठेवून बोलणारा. मी त्यांच्यासमोर लिहिलं, 'जूनमध्ये आम्ही या पेजवर एका आजींचा फोटो टाकला होता. त्यांनी आमचा धर्म घेतल्याचं लिहिलं होतं. ते खोटं होतं. त्या उपचारासाठी शहरात आल्या होत्या आणि उकाड्यामुळे पाण्यात उतरल्या होत्या. आम्ही त्यांची आणि त्यांच्या कुटुंबाची माफी मागतो.'

झामिरने वाचलं. "नाव घाला. नाव नसेल तर कुणाबद्दल लिहिलंय ते कसं कळणार?"

मी नाव घातलं. "गाव," तो म्हणाला. गाव घातलं. कुळ, सासरा, मुलगा, सगळं पुन्हा घातलं. बोटं थंडीने वळत नव्हती. खरं सांगते, लाज वाटत होती, पण थांबले नाही. आपा, मी बघतेय, एवढंच मनात घोकत होते. पोस्ट गेली. झामिरने ती ग्रुपमध्ये टाकली. पाच मिनिटांनी एक अंगठा आला, मग दुसरा, मग बरेच.

"झालं समाधान?" शामशी गरजले. "चला, फावडी घ्या!"

एरवी कबर सकाळीच खणून तयार असते आणि बारा-साडेबाराला सगळं आटपतं. इथे अकरा वाजता पहिलं फावडं पडलं. जमीन हातभर खोल गोठलेली. टायर जाळून माती मऊ करायची, वीतभर खणायचं, पुन्हा टायर जाळायचे. टेकडीवरून काळा धूर येत होता.

मी तंबूत बायकांमध्ये बसले. ताट परत पाठवणारी शेजारीणही होती, आणि तीच सगळ्यात सुरेल शोक गात होती, तुझ्या हातच्या रश्श्याने आमची लेकरं मोठी झाली म्हणून. तिचे अश्रू खोटे नव्हते. तोंडावर आलेलं बोलणं मी गिळलं. खिशात फोन थरथरला. दोलोत बाइके. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. चार वेळा कापला, मग फोन बंदच करून टाकला. शिव्या खायला नंतर आख्खं आयुष्य पडलं होतं. आत्ता आपाला तिची जागा मिळत होती. पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला.

दोन वाजून गेल्यावर निरोप आला, कबर तयार. मुल्लाने नमाज पढला, पुरुषांनी तिला नमद्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं. बायका कबरस्तानात जात नाहीत, आम्ही फाटकाशी उभ्या राहिलो. माणसं भराभर चालली होती. गल्लीच्या टोकाशी पोचली आणि थांबली.

झामिर फोन हातात घेऊन पुढे आडवा उभा होता. मी माझा फोन चालू केला. पेज उघडलं. माझी पोस्ट नव्हती. तिच्या जागी तोच फोटो, कपाळाला चिकटलेला रुमाल, सोन्याचे दात. खाली दोलोत बाइकेंनी लिहिलं होतं, 'आज आपली उमसुनाय आपा मातीआड झाली. आता तिचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. म्हणून आता सांगतो, की सकाळी इथे लिहिलेलं खोटं होतं. ती आमची होती. स्वतःच्या तोंडाने सांगून आमची झाली होती.'

शामशींचा आवाज फाटकापर्यंत येत होता. ते झामिरला त्याच्या बापाचं नाव घेऊन शिव्या देत होते. झामिर ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आजोबा, मी कुठे काय म्हणतोय? त्यांचेच लोक म्हणतायत." मुल्ला खाली बघत बाजूला झाला. मग खांदा देणाऱ्यांपैकी एक जण बाजूला झाला. मग दुसरा. चार खांदे उरले, कुबात, त्याचे दोन भाऊ आणि शामशी, आणि शामशींचं वय अठ्ठ्याहत्तर. ते तिला परत घेऊन आले.

खणलेली कबर आमच्यात उघडी ठेवत नाहीत. शामशी एकटेच परत टेकडीवर गेले आणि ती बुजवून आले.

दुसऱ्या दिवशी कुबातने बटाट्याचा ट्रक मागून आणला आणि मागे आईला ठेवून शहरात आला. मी त्याच्या शेजारी बसले होते. साडेचार तासांत त्याने मला एकच विचारलं, "ते दुसरं खरं होतं ना? बाइकेंनी लिहिलेलं?" मी हो म्हटलं. "मला का नाही सांगितलं तिने," तो म्हणाला.

बाइकेंनी शहराबाहेरच्या कबरस्तानात जागा मिळवली होती. कुंपणाला लागून, एका बाजूला कुणी रशियन लिडिया, दुसऱ्या बाजूला कुणी अनातोली. मंडळी आली, बायकाही आल्या. सात पिढ्यांची नावं तोंडपाठ असलेल्या बाईच्या कबरीवर तिच्या रक्ताचा एकच माणूस होता. तो शेवटपर्यंत दोन पावलं मागे उभा राहिला.

माती पडून झाल्यावर बाइके त्याच्याजवळ गेले. मोठा धिप्पाड माणूस, पण एका दिवसात खचला होता. "कुबात, मला वाटलं झालं असेल. बाराला आटपतं. तरी मी दोन वाजेपर्यंत थांबलो होतो रे. दोन वाजेपर्यंत हात लावला नाही."

"जमीन गोठलेली होती, बाइके. आम्ही टायर जाळत होतो."

"मला कसं कळणार..."

"विचारायचं," कुबात म्हणाला. आवाज चढवला नाही. "माझा नंबर आई तुमच्याकडे लिहून ठेवून गेली होती. एक फोन करायचा आणि विचारायचं, पुरलं का?"

बाइकेंनी मान खाली घातली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आदल्या दिवशी हेच विचारायला त्यांनी मला चार वेळा फोन केला होता. ते त्यांनी कुबातला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.